अन्नाची चिठ्ठी लिहिणारा दवाखाना

14 एप्रिलला रक्तदान शिबिर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर मोफत तपासणी, 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर औषधांचे स्टॉल. आपली डॉक्टर मंडळी, नर्स भगिनी, मेडिकलची पोरं रात्रंदिवस उभी राहतात, गर्दीत चक्कर येऊन पडलेल्या आयाबायांना सावरतात. आम्हाला त्याचा अभिमानच आहे. पण 7 डिसेंबरला काय? शिबिरात ज्या बाईचे हिमोग्लोबिन सात निघाले, तिला लोहाच्या गोळ्यांची एक पट्टी मिळते आणि "पालेभाज्या, गूळ, खजूर खात जा" हा सल्ला मिळतो. खजूर तिने कशाने विकत घ्यायचा, हा रकाना शिबिराच्या फॉर्मवर नसतो. हा रकाना ज्यांनी फॉर्मवर आणला, अशा एका दवाखान्याचा इतिहास आम्ही इथे मांडत आहोत. तो दवाखाना अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, गुलामांच्या नातवंडा-पतवंडांच्या वस्तीत उभा राहिला.

मिसिसिपी कशाला, असे कुणी विचारेल. अमेरिकेतल्या काळ्यांचा लढा आपल्याला कधीच परका नव्हता. 1946 साली खुद्द बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. नाव घेतले, आवेश घेतला, भाषेतला विस्तव तर आपला स्वतःचाच होता. पण त्याच ब्लॅक पँथर पक्षाने 1970 पासून आपल्या शाखांना लोकांचे मोफत दवाखाने काढायला लावले होते आणि सिकलसेलच्या तपासणीची मोहीम हाती घेतली होती, हा भाग आपल्याकडे फारसा पोचलाच नाही. सिकलसेल! विदर्भातल्या आदिवासी आणि बौद्ध घरांत पिढ्यानपिढ्या लेकरांची हाडे दुखवणारा तोच आजार. आपण पँथरची मूठ पाहिली, तिच्या दुसऱ्या हातातली सुई पाहिली नाही.

तरी पँथरचे दवाखाने ही या गोष्टीची सुरुवात नव्हे. सुरुवात शोधायला मिसिसिपीच्या डेल्टात, बोलिव्हर काउंटीतल्या माउंड बायू नावाच्या छोट्या गावात जावे लागते.

हे गाव 1887 साली आयझाया माँटगोमेरी आणि त्यांचे चुलतबंधू बेंजामिन ग्रीन यांनी वसवले. दोघेही गुलामीत जन्मलेले. ज्या मळ्यावर त्यांचे कुटुंब गुलाम होते, तो मळा गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या अध्यक्षाच्या, जेफरसन डेव्हिसच्या, सख्ख्या भावाचा. रेल्वे कंपनीकडून जंगल-दलदलीची जमीन घेऊन, झाडे तोडून काळ्यांनी काळ्यांसाठी हे गाव उभे केले. महापौर काळा, दुकानदार काळा, पोस्टमास्तर काळा. गावात शिरताना कुणासाठी मान खाली घालायची नाही. बाबासाहेबांनी पुढे स्वतंत्र वसाहतींची मागणी केली, तिची आठवण यावी असे हे गाव. पण याच माँटगोमेरींनी 1890 च्या मिसिसिपी घटना परिषदेत एकमेव काळा प्रतिनिधी असूनही काळ्यांचा मताधिकार काढून घेणाऱ्या तरतुदींच्या बाजूने मत दिले. गाव वाचवायला त्यांनी मत विकले, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. त्याची किंमत पुढची पंच्याहत्तर वर्षे संपूर्ण डेल्टाने भरली: मत नाही, म्हणून शाळा नाही, रस्ता नाही, नळ नाही, दवाखाना नाही.

त्या काळात गोऱ्यांच्या दवाखान्यात काळ्या रोग्याला मागच्या दाराने जावे लागे, तळघरातल्या नाहीतर कोपऱ्यातल्या खाटांवर पडावे लागे, आणि पुष्कळ ठिकाणी तेवढेही नशिबी नसे. आपल्याकडे महारवाड्यात वैद्य लांबूनच नाडी बघायचा, पुडी फेकून द्यायचा. वेगळे काय? यावर माउंड बायूने जे उत्तर शोधले ते आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावे. 'नाइट्स अँड डॉटर्स ऑफ टेबर' नावाचे काळ्यांचे परस्पर मदतीचे एक मंडळ होते. आपल्याकडे मुंबईत कोकणातल्या बौद्धांची गावकीची मंडळे वर्गणी काढतात, मर्तिकाला, अडीअडचणीला उभी राहतात, तसाच हा प्रकार, फक्त पसारा मोठा. पेरी स्मिथ हे त्याचे प्रमुख. त्यांनी वाट्याने शेत कसणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या लोकांकडून नाणे-नाणे गोळा केले आणि फेब्रुवारी 1942 मध्ये 42 खाटांचे टॅबोरियन हॉस्पिटल उघडले. शस्त्रक्रियेच्या खोल्या, क्ष-किरण यंत्र, प्रयोगशाळा, सगळे होते. प्रौढ सभासदाची वर्गणी वर्षाला 8 डॉलर 40 सेंट. त्यात 31 दिवसांपर्यंत दवाखान्यात राहणे, शस्त्रक्रिया, आणि मेल्यावर अंत्यविधीसाठी ठरावीक रक्कम. सरकारचा एक पैसा नाही, गोऱ्या धर्मदात्याचे उपकार नाहीत. मिसिसिपीत पुढच्या दाराने दवाखान्यात शिरण्याचा अनुभव हजारो काळ्यांनी पहिल्यांदा तिथे घेतला.

त्या हॉस्पिटलचे पहिले मुख्य सर्जन होते डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड. हा माणूस नुसता सर्जन नव्हता. 1952 मध्ये त्यांच्या पुढाकाराने, जिथे काळ्यांना स्वच्छतागृह वापरू देत नाहीत त्या पंपावर पेट्रोल घ्यायचे नाही, हा बहिष्कार झाला. मेडगर एव्हर्स, ज्यांची पुढे गोऱ्या वर्चस्ववाद्याने हत्या केली, ते हॉवर्ड यांच्या विमा कंपनीत नोकरीला होते आणि चळवळीचे पहिले धडे त्यांनी माउंड बायूतच गिरवले. 1955 मध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिलचा खून झाला, तेव्हा साक्षीदारांना आणि काळ्या पत्रकारांना आसरा मिळाला तो हॉवर्ड यांच्या घरात. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस माँटगोमेरी शहरातल्या एका चर्चमध्ये त्यांनी टिल प्रकरणावर भाषण दिले. श्रोत्यांत रोझा पार्क्स होत्या. चार दिवसांनी त्यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला. दवाखाना आणि चळवळ ही दोन वेगळी खाती आहेत असे मानणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

अर्थात फाटाफूटही होती. (फाटाफुटीचा मक्ता फक्त आपलाच आहे असे कुणी समजू नये.) पाच-सहा वर्षांत हॉवर्ड आणि स्मिथ यांचे बिनसले, हॉवर्ड बाहेर पडले, त्यांनी दुसरे मंडळ आणि जवळच फ्रेंडशिप क्लिनिक काढले. एवढ्याशा गावात दोन दवाखाने, दोन गट, दोन वर्गण्या. तरीही दोन्ही दवाखाने वीसेक वर्षे चालले. त्यांना मारले ते भांडणाने नव्हे, कापूस वेचणाऱ्या यंत्राने. साठच्या दशकात यंत्रे आणि तणनाशके आली, मळेवाल्यांना माणसे नकोशी झाली. 1967 मध्ये शेतमजुरांना किमान वेतन लागू झाले तेव्हा वेतन द्यायच्याऐवजी त्यांनी मजूरच काढून टाकले. मतदार यादीत नाव घातले म्हणून घराबाहेर काढलेले वेगळेच. ज्याला मजुरी नाही तो 8 डॉलर आणणार कुठून? स्वतःच्या वर्गणीवर उभे राहणे ही स्वाभिमानाची गोष्ट आहे, आणि आम्ही टॅबोरियनसमोर नतमस्तक आहोत. पण ज्या लोकांची मजुरीच मालकाच्या हातात आहे, त्यांची वर्गणीही शेवटी मालकाच्याच हातात असते. आपल्याकडे 'समाजाने समाजासाठी' एवढेच सांगून सरकारला मोकळे सोडणाऱ्यांना आमचे हे उत्तर आहे.

बाबासाहेबांनी सरकारला कधी मोकळे सोडले नव्हते. 1928 साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या पगारी रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांची भूमिका हीच होती की आईचे आरोग्य ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. ते मजूर मंत्री असताना, 1943 मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा आला. म्हणजे आरोग्य हा हक्क, आणि हक्काचा पैसा सरकारी तिजोरीतून, ही बाबासाहेबांची दिशा.

माउंड बायूतला दुसरा दवाखाना याच दिशेचा. 1964 च्या उन्हाळ्यात मतदार नोंदणीसाठी विद्यार्थी मिसिसिपीत उतरले, त्यांच्या मदतीला डॉक्टरांचीही एक संघटना उतरली. त्यात जॅक गायगर नावाचे तरुण ज्यू डॉक्टर होते. विद्यार्थी असताना ते दक्षिण आफ्रिकेत झुलू लोकांच्या राखीव प्रदेशात, फोलेला इथे, सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याच्या आरोग्य केंद्रात काही महिने शिकले होते. तिथे आजाराबरोबर पाणी, भाजीपाला, संडास यांचीही नोंद ठेवली जाई. वर्णद्वेषी सरकारने पुढे ते काम बंद पाडले. आफ्रिकेतल्या काळ्यांच्या वस्तीत तयार झालेली ही पद्धत अमेरिकेतल्या काळ्यांच्या वस्तीत न्यायची, असे गायगर यांनी ठरवले. केंद्र सरकारच्या दारिद्र्यविरोधी योजनेतून पैसा मिळाला, पण राज्याच्या गव्हर्नरला अशा निधीवर नकाराधिकार होता. त्यातली पळवाट अशी की विद्यापीठाला दिलेला निधी गव्हर्नरला अडवता येत नसे. म्हणून बोस्टनचे टफ्ट्स विद्यापीठ पुढे केले गेले. आधी 1965 च्या अखेरीस बोस्टनमध्येच कोलंबिया पॉइंट इथे केंद्र सुरू झाले आणि 1967 मध्ये माउंड बायूत, एका चर्चच्या पाद्र्याच्या घरात, डेल्टा हेल्थ सेंटरने रोगी तपासायला सुरुवात केली.

गायगर यांचे नाव सगळीकडे येते. आम्हाला मात्र या कामातला कळीचा माणूस जॉन हॅच वाटतो. काळे, दक्षिणेतलेच, पेशाने समाज संघटक. डॉक्टरांच्या आधी हॅच खेड्यांत गेले, घरोघरी, चर्चमध्ये, पारावर बसावे तसे ओसरीवर बसले आणि विचारत राहिले: तुम्हाला काय हवे आहे? लोकांनी डॉक्टर आधी मागितला नाही. त्यांनी अन्न मागितले, काम मागितले, पाणी मागितले. सुमारे 500 चौरस मैलांचा तो प्रदेश, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न निम्म्या घरांत हजार डॉलरच्याही आत. हॅच यांनी वस्त्या-वस्त्यांत मिळून दहा आरोग्य मंडळे उभी केली आणि त्यांच्या प्रतिनिधींची एक परिषद. दवाखान्याची भिंत उभी राहण्याआधी त्याची समिती उभी राहिली, हा क्रम महत्त्वाचा.

मग ती प्रसिद्ध घटना. डॉक्टरांपुढे येणारी मुले न्यूमोनिया-जुलाबाची होती, पण मुळात उपाशी होती. सरकारचे जादा धान्य वाटणे बंद होऊन त्याजागी अन्नाची कुपने आली होती आणि ती कुपने रोख पैसे देऊन विकत घ्यावी लागत. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला गरिबांसाठीची योजनाही बंद! तेव्हा केंद्रातल्या डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहायला सुरुवात केली. अमुक इतके दूध, इतकी भाजी, इतके मांस, या कुटुंबासाठी. काळ्यांच्या मालकीच्या किराणा दुकानात ती चिठ्ठी दाखवायची, सामान घ्यायचे, दुकानदाराने बिल केंद्राला पाठवायचे आणि केंद्राने ते औषधांच्या खर्चातून भागवायचे. वॉशिंग्टनहून अधिकारी विचारणा करत आला: औषधाचा पैसा किराण्यावर कसा? गायगर यांचे उत्तर असे की आमच्या पाठ्यपुस्तकात कुपोषणावरचा उपचार अन्न हाच दिला आहे. अधिकारी परत गेला.

पण किराण्याची बिले किती दिवस भरणार? हा प्रश्न त्या लोकांनीच विचारला आणि त्यातून नॉर्थ बोलिव्हर काउंटीची शेती सहकारी संस्था उभी राहिली. सुमारे हजार कुटुंबे, ज्यांनी आयुष्यभर मालकाचा कापूस वेचला होता, त्यांनी शेकडो एकरांवर भाजीपाला आणि कडधान्य पिकवले, आधी स्वतःच्या पोटासाठी. दुसरीकडे केंद्राचे लोक विहिरी खणत होते, हातपंप बसवत होते, संडास बांधत होते, खिडक्यांना जाळ्या लावत होते. लोक नाल्यातले पाणी पीत असतील तर जुलाबाचे औषध देऊन उपयोग काय? हे नाल्याचे पाणी निसर्गाने दिले नव्हते. याच काउंटीतल्या शॉ नावाच्या गावाचा खटला अमेरिकेच्या न्यायालयात गाजला. 1971 च्या निकालात नोंद आहे की गावातल्या कच्च्या रस्त्यांवरची जवळजवळ 98 टक्के घरे काळ्यांची, आणि जिथे सांडपाण्याची गटारे पोचली नाहीत त्यांतली 97 टक्के घरे काळ्यांच्या वस्तीतली. महाडला 1927 मध्ये आपण तळ्यावर गेलो तेव्हा तो समतेचा सत्याग्रह होता. तो आरोग्याचाही होता, हे आपल्या भाषणांत क्वचितच येते.

अजून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. केंद्राचा पैसा ठेवायला बँक हवी होती. बँका सगळ्या गोऱ्यांच्या. हॅच आणि मंडळींनी अट घातली: आमची ठेव हवी असेल तर माउंड बायूत शाखा उघडा, खिडकीवर काळी माणसे नेमा, आणि काळ्यांना घरकर्ज देताना भेदभाव करू नका. एका बँकेने मान्य केले. एका दवाखान्याच्या चालू खात्याने एवढे काम केले. आपल्या संस्थांच्या, पतपेढ्यांच्या, विहारांच्या ठेवी कुठे आहेत आणि त्या बदल्यात आपण काय मागितले, याचा हिशोब कुणी मांडेल का?

सगळे गोडच होते असे नाही. बोस्टनहून आलेले गोरे प्रोफेसर आणि गावातले टॅबोरियनचे जुने पुढारी यांच्यात ताण होता, आणि पुढाऱ्यांचे सगळेच आक्षेप स्वार्थाचे नव्हते. काळ्यांनी पंचवीस वर्षे चालवलेल्या हॉस्पिटलच्या शेजारी विद्यापीठ येऊन 'आदर्श प्रकल्प' काढते, तेव्हा मालकी कुणाची हा प्रश्न रास्तच आहे. टॅबोरियन आणि फ्रेंडशिप 1967 मध्ये एकत्र होऊन सरकारी मदतीचे सामुदायिक हॉस्पिटल झाले. पुढे त्याला आणि आरोग्य केंद्राला सरकारने एकाच दावणीला बांधले. मतदानाच्या लढ्यातल्या वाघीण फॅनी लू हेमर यांचे निधन मार्च 1977 मध्ये याच हॉस्पिटलात झाले. 1961 मध्ये गाठ काढायच्या शस्त्रक्रियेत गोऱ्या डॉक्टरने त्यांना न विचारता त्यांचे गर्भाशय काढून टाकले होते. ही गोष्ट काळ्या बायांच्या बाबतीत इतकी नेहमीची होती की हेमर तिला 'मिसिसिपीचे अपेंडिक्स ऑपरेशन' म्हणत. 1983 मध्ये हॉस्पिटल बंद पडले. आरोग्य केंद्र मात्र टिकले.

ते का टिकले? पैसा हे एक कारण. पण दुसरे कारण कायद्यात आहे. 1975 मध्ये अमेरिकेत सामुदायिक आरोग्य केंद्रांचा कायदा पक्का झाला तेव्हा त्यात अट आली की केंद्राच्या नियामक मंडळावर किमान 51 टक्के सभासद त्या केंद्रात उपचार घेणारेच असले पाहिजेत. म्हणजे रोगीच बहुमतात. आज तिथे अशा सुमारे 1,400 संस्था आहेत आणि त्या तीन कोटींहून जास्त लोकांना सेवा देतात. आपल्याकडे 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून रुग्ण कल्याण समित्या आहेत, गावोगाव आरोग्य-पोषण-स्वच्छता समित्या आहेत. आपल्यापैकी किती जणांना आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या समितीत कोण बसते हे माहीत आहे? अधिकारी आणि लोकप्रतिनिधी बसतात, रोगी बाहेर बाकावर. मुंबईत तर 2022 पासून 'आपला दवाखाना' याच नावाची योजना आहे. नाव उत्तम. पण औषध संपले, डॉक्टर आला नाही, तर जाब विचारायला वस्तीच्या बहुमताची समिती आहे का?

आम्हाला कुणी म्हणेल की आपली परंपरा शिक्षणाची आहे, दवाखान्याची नाही. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, सिद्धार्थ काढले, मिलिंद काढले, हे खरेच. पण 1897 च्या प्लेगमध्ये हडपसरजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात रोगी आणणाऱ्या सावित्रीमाई कोणाच्या परंपरेत बसतात? महारवाड्यातल्या प्लेगग्रस्त पोराला पाठीवर घेऊन त्या आल्या आणि 10 मार्चला त्याच रोगाने गेल्या. शिक्षण आणि दवाखाना वेगळे नव्हतेच. माउंड बायूतही नव्हते. तिथल्या केंद्रात संध्याकाळी शाळा सोडलेल्यांचे वर्ग भरत, शालान्त परीक्षेची आणि कॉलेजची तयारी करून घेतली जाई. त्यातून डॉक्टर निघाले, नर्स निघाल्या, मिसिसिपीतले पहिले काळे नोंदणीकृत स्वच्छता निरीक्षक निघाले.

त्यातच एक होत्या एल. सी. डॉर्सी. कापसाच्या मळ्यावर वाट्याने शेती करणाऱ्यांची मुलगी, शाळा अर्धवट सुटलेली, सहा लेकरांची आई. केंद्राच्या आधाराने त्यांनी राहिलेली परीक्षा दिली, शेती सहकारी संस्थेचा कारभार पाहिला, मग समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले, पुढे डॉक्टरेट केली, मिसिसिपीच्या तुरुंगातल्या कैद्यांच्या हक्कांसाठी लढल्या. 1988 मध्ये डेल्टा हेल्थ सेंटरच्या संचालकपदावर त्यांची नेमणूक झाली, आणि 1995 पर्यंत तो दवाखाना त्यांनी चालवला.